अकरा दोषांचा कागद

"हसून दाखवा," डॉक्टर म्हणाले.

मी हसले.

"असं नाही. मोकळं. दात दिसू द्या."

मी दात दिसू दिले. डॉक्टरांच्या मागे भिंतीला टेकून तीन शिकाऊ डॉक्टर वह्या घेऊन उभे होते. जळगावचा मे महिना. कूलरचा आवाज, त्याच्यावर ट्यूबलाइटचा आवाज, बाहेर कुणाच्या तरी नावाचा पुकारा. मी चाळीस वर्षांची बाई, मांडीवर पर्स घट्ट धरून, चार परक्या माणसांना दात दाखवत बसले होते.

"बघा," डॉक्टर त्या तिघांना म्हणाले. "नजरेला नजर देते. हसते. पंधरा वर्षं नोकरी करते. लग्न झालेलं होतं. आणि ह्यांना ऑटिझम हवाय!"

तिघं हसले. त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही.

खरं तर मी डॉक्टरांच्या नजरेला नजर देत नव्हते. चष्म्याच्या दोन काचांना जोडणारी नाकावरची बारीक दांडी असते, तिच्याकडे बघत होते. हे त्यांना सांगायचं मी घरून ठरवून आले होते, वाक्यही पाठ केलं होतं. पण माझं वाक्य जमेपर्यंत ते मायकडे वळले.

माय म्हणजे माझी आई. ती शेजारच्या खुर्चीवर, अगदी कडेला बसली होती. डॉक्टरांनीच बोलावलं होतं तिला. मोठ्या माणसाला हा आजार आहे का, हे त्याच्या लहानपणावरून ठरतं, म्हणून लहानपण पाहिलेलं माणूस आणा, असं म्हणाले होते.

"काय आजी, लहानपणी कशी होती ही?"

मायने पदर डोक्यावर घेतला. पाठ ताठ केली. हे तिचं बसणं मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं, मला पाहायला पाहुणे आले होते त्या दिवशी.

"काही खोड नही हो साहेब," माय म्हणाली. "गरीब गाय शे मनी पोर. सयपाकपानी, शिवनकाम, बठ्ठं येस तिले. कोनले उलटी बोलत नही."

"बोलायला वेळेवर लागली?"

"टाइमवर."

"इतर पोरांत खेळायची?"

"खेळे ना. बठ्ठासमा खेळे."

मी मायकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला घेतलं. लिहिता लिहिता म्हणाले, "हे मोबाइलवर बघून येतात सगळे. नवीन फॅड आहे." मग मला म्हणाले, "चाळीस म्हणजे काही फार नाही. एखादा बिजवर बघा. एकटेपणानं बायकांना असं होतं."

कागदावर लिहिलं होतं: किरकोळ चिंता, बाकी मानसिकदृष्ट्या स्वस्थ, कामास योग्य. खाली झोपेची गोळी. शिक्का ठळक उमटला होता. मी कागदाची घडी घातली आणि "थँक्यू" म्हटलं. मला तसं म्हणायला शिकवलेलं आहे.

हसायलाही मला शिकवलेलंच आहे. आमचं गाव दोंडाईच्याजवळ. वडील मी नववीत असताना गेले. माय मिरचीच्या पथारीवर कामाला जायची. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं मोकळं रान. तिथं बाया दिवसभर मिरचीचे देठ खुडत बसतात. मी बारावी सायन्स झाले आणि पाहुणे यायचं ठरलं, तेव्हा मायने महिनाभर आधी हातातला आरसा माझ्यासमोर धरायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी, पथारीवरून आल्यावर, हातपाय धुऊन. "हस," म्हणायची. तीन आकडे मोजायची. "आते बंद कर." तीन आकड्यांपेक्षा जास्त हसलं तर पोरगी थिल्लर दिसते. कमी हसलं तर घुमी दिसते. बाईशी बोलताना तिच्या टिकलीकडे बघायचं, पुरुषाशी बोलताना दोन भुवयांच्या मधे. समोरचा फसतो. माय काही शिकलेली नाही, पण तिने मला जे शिकवलं ते जळगावच्या डॉक्टरलाही ओळखता आलं नाही. मायच्या हुशारीचा मला एरवी अभिमान वाटला असता.

लग्न झालं. सासर भुसावळकडचं, केळीवाल्यांचं, मोठं खटलं. तीन वर्षांत मी परत आले. त्याची गोष्ट पुढे येईल.

परत आल्यावर मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि जळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले. माय गाव सोडून माझ्याजवळ राहायला आली. लॅबचे जुने सर भले माणूस होते. त्यांनी मला मागची खोली दिली. तिथं मायक्रोस्कोप, एक स्टूल आणि मी. रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा, बघायचा. गोल गोल पेशी, त्यात कुठे मलेरियाची बारीक अंगठी. मशीनने सोडलेलं मी पकडायचे. पंधरा वर्षं त्या खोलीत मी सुखात होते. आता म्हणते सुखात. तेव्हा नुसती होते.

ट्यूबलाइटचा आवाज सगळ्यांना येत नाही, हे मला एकोणचाळिसाव्या वर्षी कळलं.

एक बाई सहा-सात वर्षांच्या पोरीला रक्त द्यायला घेऊन आली होती. पोरगी कानांवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून उभी. त्या दिवशी सुई टोचणारी मुलगी रजेवर होती, म्हणून मला पुढे बोलावलं. बाई म्हणाली, "ताई, जरा ट्यूब बंद करता का? तिला त्याचा आवाज सहन होत नाही. ऑटिझम आहे तिला."

मी म्हटलं, "तो तर सगळ्यांनाच येतो."

बाई हळूच म्हणाली, "नाही ताई. मला नाही येत."

मी मागच्या खोलीत गेले. शेजारच्या मुलीला विचारलं, वॉचमनला विचारलं, घरी मायला विचारलं. कुणालाच येत नव्हता. मी त्या आठवड्यात जे मिळेल ते वाचलं. वाचताना जागोजागी मीच भेटत होते. अशा बाया, ज्यांच्याकडे लहानपणी कुणाचं लक्ष गेलं नाही. त्या गप्प असतात, नाकासमोर चालतात, दुसऱ्याचं बघून हसतात. पोरगी गप्प असेल तर आपल्याकडे तिला आजारी कोण म्हणणार? गुणाची म्हणतात.

त्याच वर्षी सर घरी बसले आणि त्यांच्या सूनबाई लॅब बघू लागल्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. मॅडमनी लॅबचं रूप पालटलं. काचेचं दार, पुढे लांबलचक काउंटर, चार ट्यूबलाइट, टीव्ही. मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही सगळ्यांत जुन्या. तुम्ही पुढे बसा. हसतमुख चेहरा लागतो काउंटरला." मागच्या खोलीत त्यांनी एक नवा टेक्निशियन बसवला.

मी पुढे बसले. नाही म्हणता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

एक दिवस लॅबमध्ये मोफत शुगर तपासणी ठेवली होती. दाराशी लाउडस्पीकर. दीड-दोनशे माणसं. सगळे एकदम बोलत होते, एक बाळ रडत होतं, कुणीतरी माझा दंड धरून "अहो बाई, माझं बघा ना" म्हणत हलवत होतं. त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. मी काउंटरच्या खाली होते, गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही मुठींनी मांड्यांवर मारत होते. वरून कुणीतरी मोबाइल धरला होता. तो काळा चौकोन मला स्पष्ट आठवतो.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. "पेशंटसमोर हा तमाशा? डोक्याच्या डॉक्टरचा कागद आणा, तुम्ही नॉर्मल आहात असा. मग या कामावर."

म्हणून मी जळगावच्या त्या डॉक्टरकडे गेले होते. नॉर्मलचा कागद मागायला मी गेले नव्हते. मला काय आहे ते लिहून मागायला गेले होते. मिळाला मात्र मॅडमना हवा होता तोच.

मॅडमनी तो पंच करून माझ्या फाइलला लावला. "बघा, मी म्हणत होते ना? काही झालेलं नाही तुम्हाला."

मी पुन्हा काउंटरवर बसले. साडेआठ ते साडेपाच. त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. टोकन द्यायचं, हसायचं, नाव लिहायचं, हसायचं. घरी आले की भिंतीकडे तोंड करून आडवी व्हायचे. जबडा ठणकायचा. माय चहा आणून उशाशी ठेवायची, तो गार झाला की उचलून न्यायची. आम्ही दोघी बोलत नव्हतो. मला राग आला होता का? आला असावा. तो कुठे असतो ते मला चटकन सापडत नाही. दोन-तीन दिवसांनी सापडतो, तोवर समोरचं माणूस विसरून गेलेलं असतं.

मग ती चूक झाली. दोन बाया, आडनाव एकच. गर्दी होती. मी एकीच्या बाटलीला दुसरीचं लेबल लावलं. पंधरा वर्षांत असं माझ्याकडून कधी झालं नव्हतं. संध्याकाळी रिपोर्ट बघताना मला खटकलं. त्यातली एक बाई पांढरीफटक होती, पायरी चढताना तिला धाप लागली होती, आणि तिच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिन तेरा. धडधाकट दिसणाऱ्या दुसरीच्या रिपोर्टवर सहा. मी स्वतः जाऊन मॅडमना सांगितलं. दोघींना परत बोलावून रक्त घेतलं.

"जाऊ द्या ताई," मॅडम म्हणाल्या. "नॉर्मल माणसाकडून चुका होतातच."

त्या वाक्यावर मात्र मला राग लगेच सापडला. मला काही म्हणा. घुमी म्हणा, येडी म्हणा, म्हणून झालेलं आहे सगळं. पण माझ्या हातून कुणाच्या रक्ताची अदलाबदल होत नव्हती. एवढी एक गोष्ट माझ्याकडे होती, ती त्या कागदाने घालवली. सहा हिमोग्लोबिनची बाई तशीच घरी गेली असती तर?

धुळ्याला एक डॉक्टरीणबाई मोठ्या माणसांचंही बघतात असं कानांवर हात ठेवणाऱ्या त्या पोरीच्या आईकडून कळलं. तिचा नंबर मी रजिस्टरमधून घेतला नव्हता. तिनेच दिला होता, जाताना. मी सुट्टी टाकून एकटी गेले.

डॉक्टरीणबाईंनी मला हसायला सांगितलं नाही. माझं पाठ केलेलं वाक्य त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. चष्म्याच्या दांडीचंही ऐकलं. मधेच त्यांनी विचारलं, "लाइट बंद करू का?" मी हो म्हटलं. त्यांनी उठून बंद केली आणि खिडकीच्या उजेडात लिहीत बसल्या. मला वाटतं तिथं रडू यायला हवं होतं. नाही आलं.

शेवटी त्या म्हणाल्या, "तुमचं म्हणणं मला पटतंय. पण पटलं म्हणून मी लिहून देऊ शकत नाही. तुम्ही अगदी लहान असताना कशा होतात, ते कुणीतरी सांगायला पाहिजे. आईला आणा."

"आई खोटं सांगेल," मी म्हटलं.

"का?"

ह्या 'का'चं उत्तर लांब होतं. ते असं.

सासरच्यांनी मला परत पाठवायचं ठरवलं तेव्हा आमच्या घरी समाजाची बैठक बसली होती. चाळीसेक पुरुष सतरंजीवर, बाया दाराआड. मला भिंतीशी उभं केलं होतं. सासरच्यांनी स्टॅम्प पेपरवर माझे दोष लिहून आणले होते. अकरा. एका शिकलेल्या दिराने ते उभं राहून मोठ्याने वाचले. "एक. मुलगी नजरेला नजर देत नाही. दोन. विचारल्याशिवाय बोलत नाही व विचारल्यास नको तितके खरे बोलते." चार नंबरला होतं: "लग्नात वाजंत्री सुरू होताच कानांवर हात ठेवून मांडवात खाली बसली, पाहुण्यांत नाचक्की झाली." सहा: "भाजी भातास लागल्यास ताट बाजूला सारते." सात: "सासूने रागात उच्चारलेले शब्द जसेच्या तसे परत म्हणून दाखवते, त्यामुळे वडीलधाऱ्यांचा अपमान होतो." लोक हसत होते. कुणी "अरारा" म्हणत होतं. शेवटचा अकरावा दोष मायचा होता. हे सगळं तिने लग्नाआधी लपवलं.

एका आबांनी मला विचारलं, "पोरी, तुझं काय म्हणणं?"

मी सगळं नीट ऐकलं होतं. मी म्हटलं, "यादी बरोबर आहे."

माय दाराआडून पुढे आली आणि तिने चाळीस पुरुषांसमोर माझ्या थोबाडीत मारली. मग घरात जाऊन कानबाईचा नारळ घेऊन आली. कानबाई आमच्या खान्देशातली देवी, श्रावणात घरोघरी बसते. तिचा नारळ घरात पिढीजात जपतात, त्याला डोळे-नाक लावतात, नथ घालतात. त्या नारळावर खोटा हात कुणी ठेवत नाही. मायने ठेवला. म्हणाली, "कानबाईनी आन. मनी पोरमा खोट नही."

फारकत झालीच, पण मायची बेअब्रू झाली नाही. त्या दिवसापासून माझ्यात खोट नाही. माय तसं सांगून बसली आहे, देवीला.

हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "तो स्टॅम्प पेपर आहे तुमच्याकडे?"

होता. मायच्या पत्र्याच्या पेटीत, कानबाईच्या साडीखाली. का जपला होता देव जाणे. घरी येऊन मी तो काढला आणि पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. वकिली मराठी, निळी शाई. नवव्या दोषाशी आले आणि थांबले. "मुलीच्या गावी विचारपूस केली असता असे समजले की, मुलगी चार वर्षांची होईपर्यंत बोलत नव्हती." दहावा: "लहानपणी मिरचीच्या पथारीवर देठांच्या रांगा लावीत तासन्‌तास बसे व कोणी रांग मोडल्यास जमिनीवर डोके आपटे."

हे बैठकीत मी ऐकलं होतं, पण तेव्हा ते नुसते दोष होते. आता कळलं, माझं लहानपण कुणीतरी लिहून ठेवलं आहे. माझ्या माणसांनी नाही. ज्यांना मला घालवायचं होतं त्यांनी. गावभर फिरून, चार ठिकाणी विचारून, नंबर टाकून.

माय मेथी निवडत होती. मी कागद तिच्यासमोर धरला. "माय, धुळ्याला चल. खरं सांग एकदा."

तिने कागद ओळखला. हात थांबले नाहीत. "झाकेल मूठ सव्वा लाखनी, पोरी. उघडी करीसन काय मियस तुले?"

"मला लिहून पाहिजे."

"तुले कागद पाहिजे. माले कानबाईले तोंड दाखाडनं शे."

तिचं म्हणणं खरंच होतं. मी म्हटलं, "बरं. तू येऊ नको. मी हा कागद घेऊन जाते. सासरच्यांचीच साक्ष देते."

मेथी परातीत पडली. "त्यासनी साक्ष?" माय म्हणाली. "तीन वरीस धड पोसं नही तुले त्यासनी. त्यासले काय माहीत शे?"

मी तिला डिवचायला म्हटलं नव्हतं. मला तसं जमत नाही. पण पुढच्या सोमवारी माय चांगलं लुगडं नेसून माझ्याआधी दारात उभी होती. साक्ष द्यायला नाही, सासरच्यांच्या साक्षीवर नजर ठेवायला.

एसटीने आम्ही धुळ्याला गेलो. डॉक्टरीणबाईंनी स्टॅम्प पेपर हातात घेतला आणि एकेक दोष सावकाश वाचला. प्रत्येकानंतर थांबून मला विचारलं, तपशील लिहिला. मायने पदर डोक्यावर घेतला होता, पाठ ताठ होती. एक ते आठ ती दगडासारखी बसून राहिली. डॉक्टरीणबाईंनी नववा वाचला.

"...मुलगी चार वर्षांची होईपर्यंत बोलत नव्हती."

"चार नही," माय म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली.

"चार नही. साडेपाच." मायचा आवाज चढला होता. "कोनी सांगं त्यासले चार? साडेपाच वरीसनी व्हयनी तवय बोलनी. लोके म्हनेत मुकी शे. आनि पहिलं काय बोलनी? 'माय' नही बोलनी. 'लाइट मालव' बोलनी."

मायने स्वतःच्या हाताकडे बघितलं. तो नारळावर ठेवलेला उजवा हात होता.

मग ती थांबलीच नाही. तिला सगळं आठवत होतं. मी कोणत्या कापडाला रडायचे, कोणत्या वाटीत खायचे, वरात आली की कोणत्या कोठीमागे लपायचे. मिरचीच्या देठांची रांग मी लांबीप्रमाणे लावायचे, लहानापासून मोठ्यापर्यंत, हे तिने बोटांनी दाखवलं. एवढं बारीक तिने बघितलं होतं आणि पस्तीस वर्षं गिळून बसली होती. शेवटी म्हणाली, "बोल म्हनीसन मी मारं तिले. भलतं मारं."

मारलेलं मला आठवत होतं. कशासाठी मारलं ते त्या दिवशी कळलं.

परत येताना एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली. घरी आल्यावर कानबाईच्या नारळासमोर बसून राहिली, दिवा न लावता. मी तिला चहा नेऊन दिला. तो गार झाल्यावर उचलून आणला. त्या दिवसाबद्दल आम्ही अजून बोललेलो नाही. बोलू असं वाटत नाही.

धुळ्याच्या आणखी दोन खेपा झाल्या. प्रश्नांचे कागद, चाचण्या, परत प्रश्न. मग निदान लिहून मिळालं. ऑटिझम. जन्मापासून. खाली लिहिलं होतं की शांत जागी काम द्यावं, गर्दीच्या जागी बसवू नये. मी ते बसस्टँडवर उभी राहून चार वेळा वाचलं. आनंद झाला का असं त्या पोरीच्या आईने फोनवर विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. रिपोर्ट बरोबर आला की जेवढं वाटतं तेवढं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी तो मॅडमच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी वाचला. दार लोटून घेतलं. "ताई, हे फाइलला नको लावायला. बाहेर कळलं तर पेशंट काय म्हणतील, इथं रक्त कोण तपासतं? जळगावच्या डॉक्टरांचा कागद आहे ना आपल्याकडे. नॉर्मलचा. तोच राहू द्या. किती छान जमलंय तुम्हाला काउंटरवर. फक्त हसत राहा."

म्हणजे झाकली मूठच. माय निदान मला वाचवायला झाकत होती.

मॅडम बोलता बोलता हसल्या आणि मी हसावं म्हणून वाट बघत राहिल्या. माझ्या गालांनी आपोआप सुरुवात केली होती. मी ती थांबवली. थांबवता येते. चाळीस वर्षांत मी कधी करून पाहिलं नव्हतं, एवढंच. मॅडमच्या कपाळावर टिकली होती. मी तिच्याकडेही बघितलं नाही. फाइलीकडे बघत बोलले.

कपाटातून माझी फाइल मीच काढली. जळगावचा कागद सोडवला, धुळ्याचा लावला. पंचची भोकं नीट जुळवली.

"हे काय करताय?" मॅडम म्हणाल्या.

"तो कागद माझा नव्हता," मी म्हटलं. "उद्यापासून मी काउंटरवर बसणार नाही. मागच्या खोलीत बसेन. चुका काढायच्या तर माझ्या स्लाइडमध्ये काढा. आणि कुणी सांगितलं म्हणून मी हसणार नाही."

"असं असेल तर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

"बघा. पण तोंडी नाही. मला काढायचं तर लिहून द्या. माझे दोष लिहा, एकेक, नंबर टाकून, खाली सही करून. मी कागद जपून ठेवते. आणि लिहिण्याआधी नीट विचारून घ्या. मागच्या लोकांनी वय चुकवलं होतं."

मॅडमच्या समोर पेन होतं. त्यांनी ते उचललं नाही. अजून उचललेलं नाही. उचलतील तेव्हा मी तिथेच असेन, आणि वाचून झाल्यावर बरोबर किती, चूक किती, ते सगळ्यांसमोर सांगेन. ह्या वेळी मला थोबाडीत मारायला कुणी दाराआडून येणार नाही.

त्या दिवशी मी मागच्या खोलीत गेले. नवा टेक्निशियन स्टुलावरून उठला. मी मायक्रोस्कोपचा दिवा लावला आणि ट्यूबलाइट मालवली.